किटली सत्तरला उकळते

ही १९८१ सालची गोष्ट. माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं आणि सासरच्या गल्लीत माझी ओळख अजून ‘बॅटरीवाल्याची मुलगी’ अशीच होती. त्यात खोटं काही नव्हतं. माझे वडील, अण्णा, गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवायचे. आठव्या वर्षी मी बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा टाकून पाहिला होता, तेव्हापासून त्यांनी माझं नाव ठिणगी ठेवलं ते कायमचं. शाळा सुटली की मी दुकानात, पुढे कॉलेज सुटलं की मी दुकानात. सासरी निघताना अण्णांनी मला त्यांचा वीज मोजायचा जुना मल्टिमीटर दिला. सासूबाईंनी तो हातात घेऊन सगळीकडून चाचपला आणि विचारलं, ह्यात काय शिजतं.

त्यांना चाचपूनच पाहावं लागायचं. काचबिंदूने त्यांची नजर पन्नाशीतच गेली होती. खिडकी कुठे आहे ते कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही. कान मात्र असे की शेजारच्या घरचं दूध उतू जायच्या बेताला आलं की ह्या आमच्या ओट्यापाशी उभ्या राहून शेजारणीला हाक मारायच्या.

सासरे, म्हणजे बाबा, वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, मापं आणि मीटरपट्ट्या तपासल्या, त्यामुळे सगळे त्यांना तराजूसाहेब म्हणायचे. माणूस अतिशय सरळ. चहात साखर दीड चमचा म्हणजे दीडच, चमच्यावर डोंगर झाला तर सुरीने सपाट करायचे. एवढ्या शिस्तीच्या माणसाला एकच व्यसन होतं, वेगाचं. स्टिअरिंग हातात आलं की त्यांच्या अंगात काय संचारायचं ते तेच जाणोत.

माझ्या लग्नाआधी एकदा त्यांनी भरधाव वळण घेताना गाडी रस्ता सोडून थेट नांगरलेल्या शेतात नेली होती. शेजारी सासूबाई, त्यांच्या मांडीवर अंड्यांची टोपली. टोपलीत तीस अंडी होती आणि एकही फुटलं नाही. आपण किती सफाईने गाडी चालवतो ह्याचा पुरावा म्हणून बाबा ती हकीकत येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे. तीस अंडी, तडा शून्य. मग सासूबाई आतून शांतपणे म्हणायच्या, “एकतिसावी मी होते. मला गेला तडा.”

त्या दिवसापासून त्यांनी अट घातली होती. काटा चाळीसच्या वर गेला तर मी गाडीत बसणार नाही. काटा त्यांना दिसणार नव्हता, पण इंजिनाचा आवाज ऐकू यायचा. पन्नास झाले ना हो, असं त्या विचारायच्या. छे, चाळीसच आहेत, असं बाबा सांगायचे. त्यांचे खरे पन्नास असायचे, आणि सासूबाई त्यांना जवळच्या झाडाखाली गाडी थांबवायला लावायच्या. थांबवली नाही तर दार उघडायच्या. दोनदा त्या खरंच उतरून चालत घरी आल्या होत्या, एकदा भाजीच्या दोन पिशव्यांसकट.

अशा परिस्थितीत बाबांनी गाडीत कॅसेट प्लेअर बसवला. तिला दिसत नाही, निदान चांगलं कानावर तरी पडू दे, असं त्यांनी घरात जाहीर केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभराने ते वाळलं. गल्लीत, बाजारात बाबा गाणं बारीक ठेवायचे आणि मोकळा रस्ता लागला की बटण भर्रकन फिरवायचे, हे माझ्या लक्षात आलं. गाणी बायकोच्या कानांसाठीच होती, पण ते कान भरून टाकायला. इंजिन ऐकू आलं नाही की वेग कळणार नाही, असा साहेबांचा साधा हिशेब.

तो हिशेब चुकला. सामान त्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलं होतं. पुढे प्लेअर, मागे डिकीत आवाज मोठा करणारा बूस्टर, दारांत दोन आणि मागच्या काचेपाशी दोन स्पीकर. सगळ्या वायरी पट्टीने आखल्यासारख्या. आणि पहिल्याच फेरीत गाण्यामागून एक बारीक सूर येऊ लागला. गाडी उभी असेल तर गुणगुण, वेग घेतला की तो सूर वर चढायचा, आणखी वेग घेतला की आणखी वर. बटण फिरवून गाणं बंद केलं तरी तो आपला चालूच. बाबा दोन दिवस दात आवळून बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “सूनबाई, हे तुमच्या खात्यातलं काम.”

मला इतका आनंद झाला की काय सांगू. दीड वर्ष मी त्या घरात फक्त फ्यूज बदलत होते.

हे काम एरवी वर्षभर रखडलं असतं तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मधल्या काळात वन्सं, म्हणजे माझी नणंद, बाळंत झाल्या होत्या. त्या डोंगरापलीकडच्या शहरात इस्पितळात नर्स होत्या. मूल दीड महिना आधी जन्मलं, सगळी रजा त्यातच संपली, त्यामुळे त्यांना येणं शक्य नव्हतं. मुलगा आता पाच महिन्यांचा झाला होता आणि सासूबाईंनी त्याला एकदाही हातात घेतलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. पालथा पडतो, खुळखुळा धरतो, हसताना उजव्या गालाला खळी पडते. मी वाचून दाखवायचे आणि सासूबाई हवेत बोटं हलवायच्या, जणू ती खळी नेमकी कुठे आहे ते शोधताहेत. मला दिसणार नाहीच, त्या म्हणायच्या, पण तो एवढासा आहे तोवर हाताला तरी लागू दे. मोठा झाला की कोण कोणाला चेहरा चाचपू देतं.

गाडीने साडेपाच तासांचा रस्ता, आणि माझ्या नवऱ्याला रजा नव्हती. बसने जायचं तर तीन ठिकाणी बदलायची, आणि सासूबाईंना बस लागायची. तरी मी म्हटलं होतं की मी त्यांना घेऊन जाते. बाबा दुखावले. दारात गाडी असताना माझी बायको बसच्या रांगेत? पण ह्या आवाजासकट साडेपाच तास गाडी चालवली तर माझं डोकं फुटेल. आवाज काढा, दुसऱ्या दिवशी निघू. ते बोलले की ती काळ्या दगडावरची रेघ.

एका सकाळी मी मीटर आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीत शिरले. सासूबाई उन्हाला म्हणून मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या. इंजिन चालू केलं, आवाज आला. बंद केलं, गेला. म्हणजे हा डायनामोचा सूर. इंजिन जेवढं जोरात फिरतं तेवढा डायनामो फिरतो आणि तेवढा त्याचा सूर चढतो. आता तो गाण्यात कुठून शिरतो एवढंच शोधायचं. बटण फिरवून फरक पडत नव्हता, तेव्हा तो प्लेअरच्या पुढे कुठेतरी शिरत होता. मी डिकीत जाऊन बूस्टरची अर्थिंगची वायर पाहिली, आणि हसूच आलं.

अर्थिंगची वायर गाडीच्या उघड्या लोखंडावर घट्ट बसवावी लागते. तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा आणि मग स्क्रू पिळायचा, हे दुकानात शिकायला आलेल्याला पहिल्या दिवशी सांगतात. पण शेतातल्या प्रकारानंतर बाबांनी गाडीला नवा करडा रंग दिला होता, तो ते रोज फडक्याने पुसायचे, आणि त्या रंगाला ओरखडा काढायचा त्यांचा हात झाला नव्हता. त्यांनी स्क्रू रंगावरच पिळला होता, खाली एक गोल रबरी चकतीही घातली होती, रंगाला दाब बसू नये म्हणून. बूस्टरच्या विजेला परतीची वाट धड मिळत नव्हती, म्हणून ती गाण्याच्या वायरीतून घुसून परतत होती आणि डायनामोचा सूर बरोबर नेत होती. रुपयाएवढा रंग खरवडला की काम खलास. दहा मिनिटं.

मी सुरी आणायला निघाले तेव्हा सासूबाई खिडकीतून हळूच म्हणाल्या, “सापडलं वाटतं.”

मी हो म्हटलं. कसं कळलं विचारलं. तू गुणगुणायला लागलीस, त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला आत बोलावलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, “काढू नकोस तो आवाज. तुला माझी शपथ आहे.”

आणि मग सगळं बाहेर आलं. त्या सुरावरून त्यांना वेग कळत होता. इंजिनापेक्षाही चांगला. इंजिनाचा नुसता घरघराट, गाण्याने झाकून जातो, हा मात्र गाण्याच्या डोक्यावर बसून ओरडतो. त्यांनी त्याची नावंही ठेवली होती. चाळीसपर्यंत भुंगा. पन्नास-पंचावन्नला डास. आणि सत्तरला किटली, म्हणजे पाणी उकळायला लागल्यावर झाकणाखालून शिट्टी येते तशी. माझ्या नवऱ्याला बरोबर घेऊन त्यांनी एका दुपारी ह्याचा अभ्यास केला होता. ह्यांनी गाडी चालवत काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचले आणि त्यांनी ते सुराला लावून पाठ केले. का, असं ह्यांनी विचारलं नाही. ह्यांना प्रश्न विचारायची सवय नव्हती. आमचा संसार त्याच गुणावर चालला.

तो आवाज गेला तर मी त्या डोंगराच्या रस्त्यावर पाय ठेवणार नाही, सासूबाई म्हणाल्या. बाजूला दरी, तुझ्या सासऱ्यांच्या हातात स्टिअरिंग आणि मला काही कळत नाही. पुन्हा अंडं व्हायचं नाही मला.

म्हणजे सासरे आवाजासकट जाणार नव्हते आणि सासूबाई आवाजाशिवाय जाणार नव्हत्या, आणि पलीकडे ते पोर रोज वाढत होतं. सासूबाईंचं म्हणणं असं की मी काही दिवस आवाज सापडत नाही असं सांगावं. ते कंटाळतील आणि जाऊ दे म्हणून निघतील. मी मान डोलावली. एकतीस वर्षं तराजू तपासलेला माणूस कंटाळत नसतो, हे आम्हा दोघींनाही सुचू नये ह्याचं मला अजून नवल वाटतं.

ते कंटाळले तर नाहीतच, उलट खुलले. त्यांनी वही आखली. तारीख, काय बदललं, परिणाम. एका वेळी एकच बदल, सूनबाई, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आता खोटी दुरुस्ती करणं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी खऱ्याच दुरुस्त्या केल्या, फक्त चुकीच्या जागी. आधी डायनामोला कंडेन्सर, म्हणजे विजेतली खरखर गिळणारी डबी, लावला. एरवी चांगला उपाय, इथे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. बाबांनी इंजिन चालू केलं, दोघांनी माना वाकड्या करून ऐकलं, मी ओठ चावून हळहळले, त्यांनी वहीत फुली मारली. मग बॅटरीच्या वायरीत तारेचं वेटोळं घातलं. फुली. मग प्लगच्या वायरी बदलल्या, तेव्हा निदान गाडी चांगली ओढायला लागली, ते सासूबाईंना मुळीच आवडलं नाही. मग गाण्याची वायर गाडीच्या डाव्या अंगाने होती ती उजव्या अंगाने नेली, त्यासाठी सगळ्या सीटा काढल्या. त्या दिवशी बाबांना सीटखाली आपलं हरवलेलं पेन सापडलं आणि दिवस वाया गेला नाही असं त्यांनी वहीत लिहिलं.

डिकीकडे ते वळले की मी घाईघाईने त्यांना बॉनेटकडे बोलवायचे. तशी गरज नव्हती, स्वतः बसवलेलं चुकलेलं असेल हा विचार त्यांना शिवत नव्हता. तिथे काही नाही, ते मी मोजून बसवलंय.

तिकडे पोर बसायला लागलं. मग रांगायला लागलं. खालचे दोन दात आले. पत्र ऐकताना सासूबाईंची बोटं आता हवेत हलत नव्हती. एकदा मी म्हटलं, आई, मी खरवडून टाकते, तुम्ही देवाचं नाव घ्या आणि बसा गाडीत. त्या म्हणाल्या, देवाला गिअर टाकता येत नाही.

दीड महिना झाला आणि वहीत अकरा फुल्या झाल्या तेव्हा बाबांनी माझ्या अण्णांना फोन लावला. फोन दिवाणखान्यात, बाबा फोनपाशी, मी मधल्या दारात. अण्णांना सूचना देण्याची सोय नव्हती. बाबा माझ्याकडे पाहत अगदी प्रेमाने फोनवर सांगत होते की मुलीने शिकस्त केली, तिला बोल लावू नका, पण दोष फारच अवघड दिसतो.

रविवारी सकाळी अण्णा आले. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं, बटण एकदा उजवीकडे एकदा डावीकडे फिरवलं, आणि सरळ डिकी उघडली. अर्थिंगच्या स्क्रूवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या नंबराच्या पाटीकडे पाहिलं.

बाबा पाणी आणायला आत गेले तेवढ्यात अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, “ठिणगे, हे तुला पहिल्या दिवशी दिसलं असणार.”

मी घाईघाईने चार वाक्यांत सगळं सांगितलं. भुंगा, डास, किटली. अण्णांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. म्हणाले, खोटं मी बोलणार नाही, माझ्या धंद्याला ते चालत नाही. मला विचारलं नाही तर मात्र मी होऊन काही सांगणार नाही.

बाबांनी अर्थात विचारलं. हातात पाण्याचा तांब्या तसाच ठेवून सरळ विचारलं, दोष कुठे आहे. आणि अण्णांनी रबरी चकतीकडे बोट दाखवून सांगितलं की इथे. रंगामुळे अर्थिंग लागत नाही, दहा मिनिटांचं काम आहे.

बाबा वाकले. बराच वेळ त्या चकतीकडे पाहत राहिले. आपली चूक पाहायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी ती नाकारली नाही, हे मी मान्य करते. मग ते सरळ झाले आणि त्यांनी व्याह्यांना दुसरा प्रश्न विचारला. तो त्यांच्यातल्या निरीक्षकाने विचारला. दहा मिनिटांचं काम असेल तर तुमच्या मुलीला दीड महिना का लागला? दुकानात इतकी वर्षं काढून तिला साधी अर्थिंग तपासता येत नाही?

अण्णांचा चेहरा उतरला. मी कोणाची हुशारी वाचवू ते मला कळेना. माझी वाचवायची तर सासूबाईंचं गुपित फुटणार, त्यांचं राखायचं तर अण्णांनी शिकवलेलं सगळं मातीत जाणार. मी गप्प राहायचं ठरवलं. 

तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला. सासूबाई सकाळपासून तिथेच बसल्या होत्या, आम्ही सगळे विसरलो होतो.

“तिला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. मीच नको म्हटलं. पोरीला बोलू नका, तिच्या बापालाही नाही. त्या आवाजावरून मला तुमचा वेग कळतो. चाळीस सांगून तुम्ही सत्तर हाकता, ते सगळं कळतं. तो गेला तर मी नातवाकडे येणार नाही, आणि मला यायचंय.”

बाबांनी तांब्या गाडीच्या टपावर ठेवला, नव्या रंगावर, खाली फडकं न घालता, आणि आत निघून गेले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी अण्णा निघाले तेव्हा बाहेर येऊन त्यांना नीट निरोप दिला, पण विषय काढला नाही. घरात आम्ही तिघं मांजरासारखे पावलं न वाजवता वावरत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते कपडे करून तयार. हातात वही. म्हणाले, दावा केलाय तर तपासणी होणार. मापाला मान्यता द्यायची तर ते खरं आहे हे पाहावं लागतं. सूनबाई काट्याजवळ बसेल आणि आकडे लिहील, बाई मागे बसून वेग सांगतील. आणि त्यांनी खिशातून मोठा रुमाल काढला, सासूबाईंच्या डोळ्यांना बांधायला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, त्यांना दिसत नाही.

उजेड-सावली दिसते, बाबा म्हणाले. नियम तो नियम.

बांधा, सासूबाई म्हणाल्या, माझं काय जातंय. आणि मान पुढे केली.

धरणाकडे जाणारा सरळ रस्ता होता, तिथे गेलो. बाबांनी गाणं चालू केलं, मोठ्याने. सासूबाई मागे डोळ्यांना रुमाल बांधून ताठ बसल्या होत्या. भुंगा, पस्तीस, त्या म्हणाल्या. काटा पस्तीस. डास, पन्नास. पन्नास. आता उतरतोय, बेचाळीस. काटा चाळीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये. बाबा दर वेळी माझ्याकडे पाहायचे आणि मी मान हलवायचे. मग त्यांनी श्वास रोखला आणि पाय दाबला. किटली, सासूबाई ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, बहात्तर, आणि आता हळू करा. काटा बहात्तर होता. माझी बोटं सीटला रुतली होती.

तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी गाडी कडेला घेतली, गिअर काढला आणि उभ्या गाडीतच इंजिन भन्नाट फिरवलं. सूर थेट किटलीवर. मागून उत्तर येईना. बाबांचा चेहरा उजळला. काय झालं, विचारलं त्यांनी, किती वेग?

“गाडी उभी आहे,” सासूबाई म्हणाल्या. “पेट्रोल कशाला जाळताय?”

दहा तपासण्या झाल्या. आठ बिनचूक, दोन पाचाच्या आत. तेवढी सूट कायद्यात असते, बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडून वही घेतली, बॉनेटवर ठेवली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: तपासले, बरोबर आढळले. खाली सही, तारीख. मग रुमाल सोडायला मागचं दार उघडलं. एवढे दिवस माझं माप घेत होतीस, ते म्हणाले. त्यावर सासूबाई म्हणाल्या, लग्नाला चौतीस वर्षं झाली, दिवस कसले.

आता ते आपल्याच शब्दात अडकले होते. खरं ठरलेलं माप मोडून टाकायचं त्यांच्या हातून होणार नव्हतं, आणि साडेपाच तास किटली ऐकायची तयारीही नव्हती. ह्यावर तोड मला सुचली, आणि ती माझीच होती, अण्णांची नव्हे, हे लिहून ठेवते. मी पुढचे दोन स्पीकर बूस्टरमधून काढून थेट प्लेअरला जोडले. ते स्वच्छ झाले. मागचे दोन बूस्टरवर तसेच ठेवले, रबरी चकतीसकट. पुढे बाबांना नुसतं गाणं, मागे सासूबाईंच्या कानाशी भुंगा. खोलीत डास दुसऱ्याला चावत असेल तर आपल्याला झोप लागते, तितपत ते बाबांना चालणार होतं. त्यांनी ऐकून पाहिलं, वहीत लिहिलं आणि विचारलं, उद्या सकाळी किती वाजता निघायचं?

सहाला निघालो. मी पुढे, सासूबाई मागे, शेजारी फराळाच्या डब्याऐवजी लहान मुलाचे कपडे. चढाव सगळा भुंग्यात पार पडला. बाबा इतक्या निमूट चालवत होते की मला संशय यायला हवा होता. माथ्यावरून उतार लागला तसा त्यांनी हलकेच गिअर काढला आणि गाडी नुसती सोडून दिली. इंजिन मंद, त्यामुळे मागे भुंगा, अगदी लहान, झोपाळू. आणि काटा पन्नास, साठ, पासष्ट. बाबा माझ्याकडे पाहून भुवया उडवत होते, शाळेतल्या पोरासारखे. मी एका बाजूला दरी पाहत होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा तो चेहरा.

“अहो,” मागून आवाज आला, “भुंगा भुंग्याच्या जागी आहे, पण माझ्या कानांना दडे बसायला लागलेत आणि खिडकीतून वारा नांगरल्यासारखा येतोय. गिअर घाला. नाहीतर मी दार उघडते.”

बाबांनी गिअर घातला. किटली एकदम अशी किंचाळली की ब्रेक आपोआपच दाबला गेला. पुढचा सगळा रस्ता त्यांनी चाळीसने काढला. साडेपाच तासांचे सात झाले.

वन्सं दारातच होत्या, कामावरून नुकत्याच आलेल्या, अजून तेच पांढरे कपडे. त्यांनी सासूबाईंना बसवलं आणि मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं. सासूबाईंनी आधी पावलं चाचपली, मग गुडघे, पोट, मग फार हळू चेहरा. पोर रडलं नाही. तेही त्यांचं नाक चाचपू लागलं. उजव्या गालावर त्यांनी बोट ठेवलं आणि थांबल्या. ते हसेपर्यंत बोट तिथून काढलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून कसलंसं कॅलेंडर वाचत उभे होते.

पुढे दर दोन महिन्यांनी आम्ही तो रस्ता केला. बाबांनी त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत गाडी चालवली, एकही अपघात न करता, आणि अंथरुणात वारले, झोपेत. गाडी आम्ही एका शिक्षकाला विकली. त्याने पहिल्या आठवड्यात अर्थिंग नीट करून घेतली असं कळलं. अण्णांनी दुकान माझ्या नावावर केलं आणि मी ते बावीस वर्षं चालवलं. अण्णा शेवटपर्यंत गिऱ्हाइकांना सांगायचे की माझ्या मुलीला सापडलेला दोष दीड महिना न सापडता ठेवता येतो, असं काम कोणी करून दाखवावं. वन्सं मेट्रन होऊन निवृत्त झाल्या, आता त्यांचे गुडघे दुखतात. ह्यांनी चाळीस वर्षांत मला एक प्रश्न विचारला, तो ह्या वर्षी, की त्या दुपारी आईला आकडे कशाला हवे होते. मी सांगितलं, तेव्हा बराच वेळ हसत होते.

सासूबाई एक्याण्णव वर्षं जगल्या. नातू सव्वासहा फूट उंच झाला, जहाजावर इंजिनिअर झाला आणि दाढीही वाढवली. पण सुट्टीवर आला की आधी त्यांच्यासमोर जमिनीवर बसायचा आणि चेहरा पुढे करायचा. त्या दाढीतून बोट घालून खळी शोधायच्या, आणि सापडेपर्यंत त्याला चहा मिळायचा नाही.